तबकडीवरच्या आकड्यामागे

तबकडीवर '३०० मीटर' असं ठसठशीत छापलेलं माझं स्विस घड्याळ, आणि जुलैतल्या एका संध्याकाळी त्याच्या काचेआड धुकं साचलेलं. पोहणं नाही, समुद्र नाही. दादर स्टेशनपासून घरापर्यंत अंगावर घेतलेला पाऊस, एवढंच पाणी. घड्याळ वापरलेलं होतं, पण विकणाऱ्यानं ते पाण्याला पक्कं असल्याचं बिलावर लिहून दिलं होतं. घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं तेव्हा आतलं रबरी गॅस्केट चपटं आणि कडक झालेलं निघालं. चावीच्या दांडीवर गंज चढला होता. म्हणजे ओल त्या एका दिवसाची नव्हती, ती बऱ्याच आधीपासून आत मुरत होती.

तेव्हापासून कुणी म्हणालं की महागडं स्पोर्ट्स घड्याळ रोज घालायला घ्यायचंय, तर मी ब्रँड नंतर विचारतो. तुमचा दिवस कसा जातो, हे आधी विचारतो. कारण या घड्याळांचं नाव आणि त्यांची रोजची सोसण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पोलादी लक्झरी स्पोर्ट्स घड्याळांची परंपरा ज्याच्यापासून मोजतात, ते जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेलं ओदमार पिगे कंपनीचं 'रॉयल ओक' १९७२ साली आलं. काचेभोवतीची अष्टकोनी कड, म्हणजे बेझल, आणि त्यावरचे आठ स्क्रू ही त्याची ओळख. पण त्याच्या नेहमीच्या ४१ मिलिमीटर मॉडेलची पाणी सोसण्याची क्षमता ५० मीटरच आहे. त्याहून कितीतरी स्वस्त असलेलं रोलेक्सचं 'सबमरिनर' ३०० मीटरचं असतं. जास्त पैसे मोजले म्हणजे जास्त पाणी सोसेल, असा हिशेब इथं चालत नाही.

मीटरचा हा आकडा दाबाच्या चाचणीतून येतो, आणि ती चाचणी गॅस्केट नवी असताना झालेली असते. घाम, साबण, गरम पाणी आणि वय यांनी रबर हळूहळू मरतं. म्हणून कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात रोज घालायचं असेल तर किमान १०० मीटर आणि पेच देऊन बंद होणारी चावी असलेलं घड्याळ घ्या. ३० मीटरवालं हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतंच समजा. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी प्रेशर टेस्ट करून घ्या. गरम पाण्याच्या आंघोळीला घड्याळ काढून ठेवा. वापरलेलं घेत असाल तर विकणाऱ्याच्या शब्दावर थांबू नका. ताज्या चाचणीचा कागद मागा.

दुसरी गोष्ट मनगटाची. बहुतेक जण फक्त डबीचा व्यास बघतात. खरं बघायचं ते पट्टा जिथं अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर. ती टोकं मनगटाबाहेर डोकावली की शर्टाच्या कफात अडकतात, दाराच्या चौकटीला घासतात. दमट हवेत संध्याकाळपर्यंत मनगट थोडं फुगतं, म्हणून ब्रेसलेटची कडी न काढता बकलातूनच सैल करता येणारी सोय असेल तर फार बरं. वजन खुपत असेल तर टायटॅनियम बघा; तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या ते जवळपास निम्म्या वजनाचं असतं. निकेलनं अंगावर पुरळ उठणाऱ्यांनाही टायटॅनियम सोसतं.

तिसरी गोष्ट चुंबकाची. मोबाइलचा स्पीकर, टॅब्लेटचं कव्हर, पर्सचं बटण, सगळीकडे चुंबक आहेत. त्यांच्या ओढीनं बॅलन्सच्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागतं. असं झालं तर लगेच मोठ्या सर्व्हिसिंगला होकार देऊ नका. आधी चुंबकत्व काढून बघायला सांगा. मिनिटभराचं काम असतं. ज्यांचं कामच यंत्रांजवळ आहे, त्यांनी १५,००० गॉसपर्यंत तपासलेली ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर घड्याळं जरूर बघावीत.

आता पैसे. किंमत म्हणजे फक्त बिलावरची रक्कम नव्हे. स्वयंचलित घड्याळ ठरावीक वर्षांनी उघडून, साफ करून, तेल घालून घ्यावंच लागतं. ओमेगा त्यासाठी ५ ते ८ वर्षं सांगते, रोलेक्स साधारण १० वर्षं. तुमच्या शहरात अधिकृत सर्व्हिस सेंटर आहे का, आणि तिथं खर्च किती येतो, हे खरेदीआधी विचारा. बिलावर सीरियल नंबर हवाच, आणि तो डबीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. २ लाख आणि त्यावरची रक्कम रोखीनं घेणं कायद्याला मान्य नाही. रोखीचा आग्रह धरणाऱ्यापासून लांब राहा. एप्रिल २०२५पासून १० लाखांवरच्या घड्याळावर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर, वसूल करतो. तो तुमच्या आयकरात वळता होतो, म्हणून त्याची नोंद सांभाळा.

शेवटी स्वतःला एक प्रश्न विचारा: ओरखड्याच्या किंवा चोरीच्या धास्तीनं हे घड्याळ कपाटात तर पडून राहणार नाही? उत्तर 'राहील' असं असेल, तर एक पायरी खालचं घ्या आणि उरलेल्या पैशांत त्याची निगा राखा. लोकलच्या गर्दीत, ऑफिसात, पावसात जे निर्धास्तपणे घालता येतं, तेच रोजचं घड्याळ.