खंडित संशोधन आणि वरळीच्या चाळी

संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत साधनांची निवड, चिकित्सा, मांडणी यांवर प्रकरणे असतात. संशोधकच आजारी पडला तर काय करावे, हे सहसा नसते. वरळीच्या बी. डी. डी. चाळींवरील माझा लघुप्रबंध क्षयाच्या दुखण्यामुळे सहा महिने बंद राहिला. काम पुन्हा हाती घेताना जे उमगले, ते येथे मांडीत आहे.

प्रथम विषयाची ओळख. १८९६ चा प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा यांनी मुंबईतील दाट वस्तीचे भीषण रूप उघडे केले. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात नायगाव, शिवडी, डिलाइल रोड व वरळी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांपैकी १२१ वरळीत. तळमजला व वर तीन मजले, चाळीत ८० खोल्या. प्रारंभी यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्याच राहिल्या, आणि १९३० च्या सविनय कायदेभंगात काही चाळींचा तुरुंग झाला.

मग या खोल्या भरल्या कशा? माझ्या प्रबंधाचा प्रश्न हाच. सरकारी कागद रिकाम्या खोल्यांचे आकडे देतात. कोणत्या गावचा माणूस कोणाच्या ओळखीने आला, एका खोलीत किती जण निजत, हे रहिवासीच सांगू शकतात.

मी अंथरुणावर असताना पुनर्विकास थांबला नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांचा आनंद रास्तच आहे. पण जुना शेजार हलला, तशी आठवणींची साखळीही सैल झाली. ज्या वृद्ध गिरणी कामगारांची मुलाखत अर्धी झाली होती, ते याच काळात निवर्तले. माझ्या वहीत त्यांचे गाव आहे, येण्याचे साल आहे. 'खोली कोणी मिळवून दिली?' या प्रश्नापुढची ओळ कोरी आहे.

म्हणून पहिले सूत्र असे : शक्ती मोजकी असेल तेव्हा साधनांचा क्रम त्यांच्या आयुष्यावरून ठरवावा. दप्तरखान्यातील कागद वर्षभर थांबेल, ऐंशी वर्षांच्या आजी थांबतीलच असे नाही.

दुसरे, जुनी टिपणे जशीच्या तशी पुढे चालवू नयेत. वाचलेले, ऐकलेले आणि आपण तर्काने जोडलेले, अशी त्यांची वर्गवारी करावी. सहा महिन्यांनी स्वतःचे अक्षरही परक्याचे वाटते. चिकित्सेला ते उपकारकच ठरते.

तिसरे, कामाचे माप प्रकृतीशी जुळवावे. अमेरिकन इतिहासकार विल्यम प्रेस्कॉट यांची दृष्टी तरुणपणीच अधू झाली. इतरांकडून साधने वाचून घेऊन आणि तारा बसविलेल्या चौकटीवर लिहून त्यांनी १८४३ मध्ये मेक्सिकोच्या पाडावाचा इतिहास प्रसिद्ध केला. मी सध्या आठवड्यातून दोनच मुलाखती घेतो आणि त्याच दिवशी त्या उतरवून काढतो.

आपल्यापैकी अनेकांची घरे वरळी, परळ, लालबाग भागांतच आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना एवढे तरी विचारावे : आपण या खोलीत आलो कसे? उत्तर मिळताच तारीख घालून लिहून ठेवावे.