पाळी थांबताना हार्मोन घ्यावेत का?

प्रश्न (शहादा): वय ४८. अंगातून गरम वाफा निघतात, झोप मोडते. हार्मोनच्या गोळ्या चालतील का?

उत्तर: वाफा आणि रात्रीचा घाम यांवर इस्ट्रोजेनइतके गुणकारी औषध दुसरे नाही. २००२ च्या अमेरिकी अभ्यासाने त्याची धास्ती बसवली, ती अजून पुरती उतरलेली नाही. मात्र साठीच्या आत, पाळी थांबल्यापासून १० वर्षांत सुरुवात केल्यास निरोगी स्त्रीला सहसा फायदाच जास्त. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतेच. नाहीतर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, तर हा उपचार सहसा टाळतात.

तुमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. त्या आजारात गुठळीचा धोका मुळातच असतो आणि इस्ट्रोजेनची गोळी तो वाढवते. म्हणून इथे आधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. हार्मोन द्यायचेच ठरले, तर त्वचेवरचे जेल किंवा पट्टी त्यातल्या त्यात सुरक्षित.

सप्लिमेंटचा गाजावाजाच फार. सोया आयसोफ्लेव्होनचा उपयोग जेमतेम. कॅल्शियमने वाफा थांबत नाहीत, ते हाडांसाठी. १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते. वर्षभर बंद असलेली पाळी पुन्हा दिसली, तर गोळ्यांआधी तपासणी.