किण्वन उद्योग : प्राणवायूचा पुरवठा व उत्पादनखर्च

प्रतिजैविकांच्या उत्पादनात भारताने १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना करून आरंभ केला. तथापि, पुढे स्वस्त चिनी मालापुढे देशी पेनिसिलिन-जी टिकू शकले नाही. हे परावलंबन कमी करण्यासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये औषधांच्या मूलद्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना मंजूर केली. तीत किण्वनाधारित उत्पादनांना पहिली चार वर्षे विक्रीच्या २० टक्के, पाचव्या वर्षी १५ व सहाव्या वर्षी ५ टक्के साहाय्य आहे. साहाय्य संपल्यावर टिकाव लागणे उत्पादनखर्चावर अवलंबून राहील.

समस्येचे स्वरूप

या खर्चात प्राणवायूच्या पुरवठ्याचा वाटा मोठा असतो. एक ग्रॅम ग्लुकोजच्या पूर्ण ज्वलनास एक ग्रॅमहून किंचित अधिक प्राणवायू लागतो. मात्र २५ अंश सेल्सिअसला हवेच्या संपर्कातील एक लिटर पाण्यात तो केवळ ८ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. म्हणून टाकीत हवा सतत सोडून द्रव वेगाने ढवळावा लागतो. ढवळण्याचा वेग दुप्पट केल्यास विजेची गरज साधारणतः आठपट होते. शिवाय नाजूक पेशी व बुरशीचे तंतू तुटतात.

कार्बनी द्रवांचा उपाय

डोडेकेन व परफ्लुरोकार्बन हे द्रव पाण्यात मिसळत नाहीत. मात्र त्यांत प्राणवायू पाण्याच्या अनेक पट विरघळतो. त्यांचे सूक्ष्म थेंब हवेच्या बुडबुड्यांकडून प्राणवायू घेऊन तो पाण्यात सोडतात. असा ‘प्राणवायू-वाहक’ बिनविषारी, सहजी न उडणारा व सूक्ष्मजीवांना न पचणारा असावा लागतो. द्रवाची निवड वा प्रमाण चुकल्यास पुरवठा वाढण्याऐवजी घटूही शकतो.

लाभ-व्यय विचार

विजेची बचत व वाढीव उत्पादन हा लाभ होय. द्रवाची किंमत, त्याची गळती व पुनर्प्राप्ती हा व्यय. परफ्लुरोकार्बन महाग असून वातावरणात दीर्घकाळ टिकतात. पेनिसिलिन कार्बनी द्रावकात उतरवून वेगळे केले जाते; तेथे वाहक द्रवाचा अंश मिसळल्यास शुद्धीकरण कठीण होते. म्हणजेच टाकीतील बचत पुढील टप्प्यावर गमावली जाऊ शकते. यास्तव या तंत्राचे मूल्यमापन केवळ प्राणवायूच्या वेगावरून न करता, शुद्ध औषधाच्या प्रतिकिलो एकूण खर्चावरून करणे इष्ट ठरते.