झाडं न तोडण्याचे पैसे कोण देतं? सी पाइन्सची गोष्ट



या आठवड्याच्या व्हिडिओत विषय होता, ग्राहक नक्की कशाचे पैसे देतो. त्यात अमेरिकेतल्या सी पाइन्सचं उदाहरण मी दोन मिनिटांत उरकलं. खरं तर ते उदाहरण दोन मिनिटांचं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी काम दिलंय.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर साउथ कॅरोलायना राज्यात हिल्टन हेड नावाचं बेट आहे. आज तिथे दरवर्षी वीस लाखांहून जास्त पर्यटक येतात. बेटाच्या दक्षिण टोकाला सी पाइन्स ही श्रीमंतांची वसाहत आहे. गोल्फची मैदानं, बोटींचा धक्का, किनाऱ्यालगतचे बंगले, आणि आत शिरायला गेट. बाहेरून फिरायला येणाऱ्या गाडीला गेटवर पैसे भरावे लागतात.

आता 1950 सालात चला. बेटावर जायला पूल नाही. लाकूड व्यापाऱ्यांच्या एका गटाने तिथली जवळजवळ 20,000 एकर पाइनची जंगलं घेतली होती, सरासरी एकरी 60 डॉलरच्या आसपास. हिशोब सरळ होता: झाडं तोडायची, इमारती लाकूड विकायचं. भागीदारांपैकी एक होते जनरल जोसेफ फ्रेझर. त्यांचा मुलगा चार्ल्स त्या उन्हाळ्यात लाकूडतोडीच्या कॅम्पवर कामाला आला. त्याला दिसलं ते असं, की जे लाकूड विकायला आपण आलोय, त्यापेक्षा ते इथेच उभं राहिलं तर जास्त मोलाचं आहे.

पोरगा पुढे येल विद्यापीठातून कायदा शिकून बाहेर पडला. हे महत्त्वाचं आहे, कारण त्याचं सगळ्यात मोठं हत्यार कायद्याचा कागद ठरलं. 1956 मध्ये बेटाला पूल झाला आणि त्याच सुमारास चार्ल्सने दक्षिणेकडची जमीन हातात घेऊन सी पाइन्स कंपनीचं काम सुरू केलं.

त्या काळी समुद्रकिनारी प्लॉट पाडण्याची पद्धत ठरलेली होती. पाण्याला समांतर एक रस्ता काढायचा, समुद्राकडची रांग महाग विकायची, मागच्या रांगा स्वस्तात काढून टाकायच्या. आपल्याकडे कोकणात आजही बरेच जण हेच करतात. फ्रेझरने हार्वर्डला शिकवणाऱ्या हिदेओ सासाकी या नियोजनकाराला सोबत घेतलं. त्यांनी घरांकडे जाणारे छोटे रस्ते किनाऱ्याला काटकोनात नेले, आणि प्लॉट्सच्या मधून समुद्राकडे जाणाऱ्या पायवाटा राखल्या. यातली गंमत बघा. किनाऱ्यावर मोकळ्या सोडलेल्या त्या चिंचोळ्या पट्ट्यांमुळे मागच्या रांगेतल्या माणसालाही घरातून निघून चालत वाळूवर जाता येऊ लागलं. त्यामुळे मागच्या प्लॉटलाही भाव आला. पुढचे चार फूट सोडून मागची अख्खी रांग वर उचलली.

दुसरी गोष्ट अटींची. प्रत्येक प्लॉटच्या खरेदीखताला अटींची लांबलचक यादी जोडलेली असायची. ठरावीक जाडीच्या वरचं झाड परवानगीशिवाय तोडायचं नाही. घर वाळूच्या टेकड्यांच्या मागेच बांधायचं. रंग मातीचे, लाकडाचे, झाडांत मिसळणारे. घराचा आराखडा आधी दाखवून मंजूर करून घ्यायचा. झगमगत्या पाट्या नाहीत. विचार करा, नवा माणूस धंद्यात उतरतोय, कर्ज आहे, आणि पैसे द्यायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाला सांगतोय, 'तुमच्याच प्लॉटवरचं झाड तुम्ही तोडायचं नाही.' आपल्यातल्या किती जणांना हे जमेल?

पण गिऱ्हाईक काय विकत घेत होतं ते नीट समजून घ्या. माझ्यावरची बंधनं मला नको असतात, पण शेजाऱ्यावरची हवी असतात. वीस वर्षांनी शेजारी गुलाबी रंगाचं तीन मजली हॉटेल उठणार नाही, याची लेखी हमी म्हणजे ते खरेदीखत. त्या हमीला किंमत मिळाली. शिवाय 605 एकरांचं जंगल कंपनीने राखीवच ठेवलं, ते आजही आहे.

फ्रेझरला जाहिरातीचंही भान चांगलं होतं. 1960 च्या दशकात एका मोठ्या साप्ताहिकात त्याचा फोटो आला, अंगात सूट, हातात काठी, आणि शेजारून चालणारी मगर. पुढे बोटींच्या धक्क्याजवळ, हार्बर टाउनला, त्याने 90 फुटी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह बांधलं. लोक हसले, कारण जहाजांना त्याची फारशी गरज नव्हती. पण 1969 मध्ये तिथल्या नव्या गोल्फ मैदानावर हेरिटेज स्पर्धा सुरू झाली, पहिली स्पर्धा अर्नोल्ड पामरने जिंकली, आणि शेवटच्या होलच्या मागे उभं असलेलं ते दीपगृह पुढे दरवर्षी देशभरच्या टीव्हीवर दिसू लागलं. फुकट लोगो! त्याच धक्क्याचं काम करताना मधे येणारा एक जुना ओक वाचवण्यासाठी त्याने आराखडा बदलला होता. 2002 मध्ये तो वारला, त्याला त्याच झाडाखाली पुरलंय.

आता इथवर वाचून 'वा, काय माणूस!' म्हणत लगेच उठू नका. फ्रेझरने दोन ठिकाणी मार खाल्ला असं माझं मत आहे. एक हिशोबाच्या वहीत दिसतं, दुसरं दिसत नाही.

पहिलं साधं आहे. एक वसाहत जमली म्हटल्यावर त्याने फ्लोरिडात अमेलिया आयलंड, प्वेर्तो रिकोत पाल्मास देल मार, असे एकामागोमाग मोठे प्रकल्प कर्जावर काढले. 1970 च्या दशकाच्या मध्यात मंदी आली, व्याज चढलं, प्लॉट विकले जाईनात. जमीन भरपूर, हातात रोकड नाही. बाहेरचे प्रकल्प सोडावे लागले आणि 1983 मध्ये सी पाइन्स कंपनीही विकली गेली. पुढच्या मालकांच्या काळात तर ती दिवाळखोरीत गेली. तरी झाडं उभी राहिली, कारण अटी कंपनीच्या धोरणात नव्हत्या, खरेदीखतात होत्या. मालक बदलला तरी अट जमिनीसोबत राहते.

दुसरं जास्त गंभीर आहे. 1950 मध्ये बेट रिकामं नव्हतं. तिथे गुल्ला समाज राहत होता, गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज. यादवी युद्धाच्या काळात, 1862 मध्ये, मुक्त झालेल्या लोकांचं मिचेलविल नावाचं गाव याच बेटावर वसलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या शेती आणि मासेमारी. त्यांच्या जमिनी बहुतेक सामायिक, मृत्युपत्र नाही. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर पंधरा नावं असतात ना, अगदी तसंच. भाव चढल्यावर एखाद्या वारसाचा हिस्सा बाहेरचा माणूस विकत घ्यायचा, कोर्टात वाटप मागायचा, आणि अख्खी जमीन लिलावात जायची. ज्यांनी विकली नाही त्यांच्यावर वाढत्या कराचा बोजा. हे सगळं एकट्या सी पाइन्सने केलं असं नाही, पण भाव चढायला सुरुवात तिथून झाली. आणि वसाहतीच्या नावात 'प्लँटेशन' शब्द होता. ज्यांचे पूर्वज प्लँटेशनवर गुलाम होते, त्यांना तो रोज पाटीवर वाचावा लागे. सी पाइन्सच्या गेटच्या आत गुल्ला लोकांचं जुनं स्मशान आहे, हार्बर टाउनच्या जवळच. आपल्या माणसांच्या कबरीवर जायचं तर गेट ओलांडून जावं लागतं.

एकदा मात्र दोघं एकत्र आले होते. 1970 च्या सुमारास बीएएसएफ ही जर्मन कंपनी जवळच रसायनांचा मोठा कारखाना काढणार होती. वसाहतीवाल्यांना किनाऱ्याची काळजी, गुल्ला मच्छीमारांना कोळंबीची. कारखान्याविरोधातल्या सह्यांचे कागद कोळंबीच्या बोटीतून थेट वॉशिंग्टनला नेले गेले आणि प्रकल्प बारगळला.

आता काम. तुमचा होमस्टे असो, खानावळ असो की शिलाईचं दुकान, वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात 'आम्ही हे कधीच करणार नाही' अशा तीन गोष्टी. दुसऱ्यात, त्यामुळे महिन्याला किती रुपये सुटतील तो आकडा, अंदाजे चालेल. तिसऱ्यात, ही गोष्ट गिऱ्हाइकाला लेखी कुठे दिसते: बिलावर, भिंतीवर, करारात? आणि पानाच्या खाली आणखी एक ओळ लिहा, तुमचा धंदा वाढला तर गल्लीत कोणाची अडचण होईल. नावानिशी लिहा. पुढच्या व्हिडिओत यातल्या काही वह्या आपण एकत्र तपासू.