फसवे धनुष्य

शास्त्रपाठ : स्तोत्र 78:54-58, उपदेशक 4:9-12



देवापासून फिरलेल्या इस्राएलाला स्तोत्रकर्त्याने फसव्या धनुष्याची उपमा दिली आहे. तिचा अर्थ मला आमच्या वसतिगृहाच्या सुतारशाळेत कळला.

सातपुड्यातल्या भिल्ल मुलांना तिरकामठा नवा नाही. सुतारकामही शिकावे म्हणून आम्ही लाकडाच्या पट्ट्या चिकटवून धनुष्य करायला घेतले. फळी उभी धरून बँडसॉवर सुमारे 3 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढायच्या. शेवटचा भाग बोटांनी नव्हे, लाकडी दांड्याने ढकलायचा. पात्याचे आरे घासून पट्टी सपाट करायची. मग एपॉक्सी लावून पट्ट्या साच्यावर बसवायच्या आणि क्लॅम्प व सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळायच्या. बाहेरच्या बाजूला बांबूची पट्टी, कारण ती ताण चांगला सोसते. पूर्ण वाळल्यावर दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत कानशीने थोडे थोडे घासायचे.

पहिल्या धनुष्याच्या वेळी एक मुलगा म्हणाला, "दादा, आरे अजून दिसतात. परत घासू या." मला या अंकासाठी फोटो हवा होता. मी म्हणालो, "चालेल." क्लॅम्पही वेळेआधी काढले. धनुष्य देखणे झाले. त्याने ते ओढले आणि कडकन पट्टी सुटली. त्याच्या मनगटाला कूस लागून रक्त आले.

तो रागावला नाही; पण कित्येक दिवस सुतारशाळेकडे फिरकला नाही. ते मला जास्त लागले. शेवटी सगळ्या मुलांसमोर मी त्याची क्षमा मागितली. दुसरे धनुष्य त्याच्या सांगण्याप्रमाणे झाले. त्याने हो म्हणेपर्यंत मी क्लॅम्पला हात लावला नाही. ते धनुष्य आजही टिकून आहे.

उपदेशकाची तीनपदरी दोरी आपल्याला पाठ आहे. पण नुसते एकत्र आल्याने बळ येत नाही. मधे लपवलेले खडबडीतपण राहिले, तर ताण येताच तोच सांधा उघडतो. गाव, मंडळी आणि तुम्ही देणगीदार, अशा आपल्या तीन पट्ट्या आहेत. त्या जोडताना गावातला माणूस "परत घासू या" म्हणाला, तर आम्ही थांबले पाहिजे. म्हणून या अंकात धनुष्याचा फोटो नाही.

आम्हाला धीर मिळावा, यासाठी प्रार्थना करा.