न दिसणारा मारेकरी : कार्बन मोनॉक्साइड

२७ जानेवारी १८९६ रोजी वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ जण मृत्युमुखी पडले. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञांनी तपासणीअंती दाखवून दिले, की बहुसंख्यांचा बळी स्फोटाच्या आघाताने नव्हे, तर त्यानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूने घेतला होता. हा वायू त्यांनी स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदविले होते. पुढे खाणीत कॅनरी पक्षी नेले जाऊ लागले; कारण माणसाआधी तो पक्षी कोसळत असे. ब्रिटनमध्ये ही प्रथा १९८६ पर्यंत टिकली.

इतिहासाचा हा धडा आज आपल्या न्हाणीघरापर्यंत येऊन पोहोचला आहे. लाकूड, कोळसा वा गॅस अपुऱ्या हवेत जळला, की हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर प्राणवायूला मुकते. प्रथम डोकेदुखी, चक्कर, मळमळ. पुढे बुद्धिभ्रम, बेशुद्धी आणि मृत्यू. झोपलेल्याला तर काहीच कळत नाही. गर्भवती, बालके व हृदयरोगी यांना धोका अधिक.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांच्या सरासरीसाठी घनमीटर हवेत ४ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली आहे. आठ तासांसाठी १०, एका तासासाठी ३५ आणि पंधरा मिनिटांसाठी १०० मिलिग्रॅम अशा तिच्या मर्यादा आहेत. भारतीय मानक बाहेरील हवेसाठी याहून कडक आहे : आठ तासांसाठी २, एका तासासाठी ४ मिलिग्रॅम. हे आकडे यंत्रालाच कळतात, नाकाला नव्हे. म्हणून यंत्र नसलेल्या घरात सावधगिरी हीच खरी मर्यादा होय.

पालकहो, थंडीत पेटती शेगडी घेऊन दारे-खिडक्या लावून झोपू नये. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. एकाच वेळी घरातील अनेकांचे डोके दुखू लागले आणि बाहेर येताच बरे वाटले, तर हा वायू असल्याचा संशय घ्यावा. कोणी बेशुद्ध आढळल्यास, स्वतःचा जीव सांभाळून, त्यास उघड्या हवेत आणावे व तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथे शुद्ध प्राणवायू देणे हाच मुख्य उपचार आहे. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. या विषबाधेतही तो आकडा चांगलाच दाखवितो.

खाणकामगारांजवळ निदान पक्षी तरी होता. आपल्याजवळ ज्ञान आहे. ते घरोघरी पोहोचविणे हे शिकलेल्यांचे कर्तव्य आहे.