प्रश्नोत्तरे : मांडी, पट्टा आणि सात माणसांची ईको

प्रश्न : आम्ही वाढवणचे. घरी ईको आहे, कागदावर सात जणांची, पण चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला निघालो की नऊ-दहा जण सहज मावतो. नातू आठ महिन्यांचा, नात चार वर्षांची. सून म्हणते, दोघांसाठी वेगळ्या सीटा घ्यायच्या. नातवाला म्हणे उलटं, मागे तोंड करून बसवायचं! माझी चार मुलं मांडीवरच वाढली. आईच्या मांडीहून सुरक्षित जागा कुठली? आणि आमच्या गाडीत या सीटा बसतील तरी का?
– एक आजी, वाढवण

उत्तर : आजी, सूनबाईंचं बरोबर आहे. सासू-सुनेच्या वादात तिसऱ्याने दोघींची मनं राखावीत असा रिवाज आहे, पण या प्रश्नात तो पाळता येत नाही.

मांडीचा हिशेब करून पाहू. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर पुढे सरकते. ती समोरच्या ट्रकवर आदळली की पुढचा पत्रा चेपत ती साधारण अर्ध्या-पाऊण मीटरात थांबते. गाडी थांबली तरी आतल्या माणसांचा वेग तोच असतो. आठ किलोच्या बाळाला तेवढ्याच अंतरात थांबवायचं तर सरासरी सव्वाशे किलोच्या वर जोर लागतो, क्षणभर तर त्याहून बराच जास्त. एवढा जोर कोणत्याही आईच्या हातांत नाही, मग ती रोज मासळीची पाटी उचलणारी का असेना. शिवाय तिने स्वतः पट्टा लावला नसेल तर तीही पुढे फेकली जाते, आणि बाळ तिच्या व पुढच्या सीटच्या मधे सापडतं. आई-बाळ मिळून एकच पट्टा लावतात, तेही तितकंच वाईट. आईचं सगळं वजन त्या पट्ट्यातून बाळाच्या पोटावर येतं.

पट्टा काय करतो हे पाहायला तुम्हाला तालुक्याबाहेर जायला नको. 4 सप्टेंबर 2022 च्या रविवारी दुपारी चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज कठड्यावर आदळली. उदवाड्याहून तलासरीमार्गे मुंबईकडे चाललेल्या त्या गाडीत चौघे होते. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि जहांगीर पंडोल दोघेही गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. गाडी महागडी होती, एअरबॅगा होत्या, आणि तरी असं झालं. मागच्या सीटवरच्यांनी पट्टा लावण्याचा नियम त्याच्या आधीपासून पुस्तकात होता. पण मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा केला तो 1 नोव्हेंबर 2022 पासून, या अपघातानंतर. आपल्याकडे नियम जागे व्हायला बहुधा कोणीतरी मोठं माणूस जावं लागतं.

आता तुमची ईको. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं, त्यामुळे तिचं नाक आखूड. धडक सोसायला पुढे चेपणारा पत्राच कमी, म्हणजे वर सांगितलेल्या अर्ध्या-पाऊण मीटरातही काटछाट. 2016 साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेली ईको ताशी 64 किलोमीटरने अडथळ्यावर आदळवून पाहिली, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी तिला शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम बदलले, नव्या गाड्यांना एअरबॅगा आल्या. तुमची कोणत्या सालची आहे ते पत्रात नाही. पण साल कोणतंही असो, एक काम आजच करता येईल. अंगणात गाडी उभी करा, सगळे दरवाजे उघडा आणि पट्टे मोजा. खांद्यावरून येणारे किती, नुसते कमरेचे किती, आणि किती सीटांच्या फटीत गडप झाले आहेत. गाडीत किती माणसं मावतात याला महत्त्व नाही. जेवढे चालू पट्टे तेवढीच माणसं, बाळ धरून.

हे ऐकायला कठोर वाटेल, कारण जत्रेची मजाच दाटीवाटीत असते. पण मागच्या बाकावर पट्ट्याविना बसलेलं साठ किलोचं माणूस धडकेत पुढच्या सीटच्या पाठीवर टनभर जोराने आदळू शकतं, आणि त्या पाठीला टेकून कदाचित तुमची नात बसलेली असेल. म्हणून नुसत्या मुलांच्या सीटा घेऊन भागत नाही. आजोबांनीही पट्टा लावायचा. मागे मोकळे टाकलेले चिकूचे खोके नि सुक्या मासळीची पोतीसुद्धा बांधायची.

उलटं बसवण्याबद्दल. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या पाव भागाएवढं असतं, आणि आठव्या महिन्यातही शरीराच्या मानाने ते जडच, मान मात्र कोवळी. पुढे तोंड करून बसलेलं बाळ धडकेत छातीशी पट्ट्याने अडतं, पण डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर पाठ, मान, डोकं एकदमच सीटच्या पाठीत दाबली जातात आणि धक्का पसरतो. ही कल्पना 1960 च्या दशकात स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या सीटा पाहून सुचली. स्वीडनमध्ये आजही मुलं साधारण चार वर्षांपर्यंत अशीच बसतात. युरोपचा नवा नियम निदान 15 महिन्यांपर्यंत ते सक्तीचं करतो. बाळसीटमुळे गाडीतल्या एक वर्षाखालच्या बाळांचा मृत्यूचा धोका 71 टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा 54 टक्क्यांनी कमी होतो, असं अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याचं म्हणणं आहे. बाळाला बाहेरचं दिसणार नाही अशी काळजी करू नका, त्या वयात त्याला आईचं तोंड दिसलं की पुरतं. आईने शेजारी बसावं, अर्थात पट्टा लावून.

एक गोष्ट मात्र विसरू नका. उलटी बाळसीट पुढच्या एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही. एअरबॅग फुगताना थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते. बाळंतीण म्हणून आईला बाळासह मानाने पुढे बसवायची आपली पद्धत आहे, ती इथे नको. पुढची सीट आजोबांनाच असू द्या.

सीट घेताना गाडी दुकानापर्यंत न्या. चांगल्या सीटवर एआयएस-072 हा आपला मानक क्रमांक किंवा गोलात ‘ई’ असलेला युरोपचा शिक्का असतो. काही गाड्यांच्या मागच्या सीटच्या फटीत सीट अडकवायला लोखंडी कड्या असतात, त्यांना आयसोफिक्स म्हणतात. तुमच्या गाडीत त्या नसतील तर सीट पट्ट्यानेच बांधावी लागेल. इथे बऱ्याच व्हॅनमध्ये घोडं अडतं, कारण उलट्या सीटभोवती फिरवायला पट्टा अपुरा पडतो. म्हणून पैसे देण्याआधी बसवून पाहा, ऑनलाइन घेतली तर परत करता येईल अशीच. बांधल्यावर सीट धरून हलवा, इंचभरापेक्षा जास्त डुलता कामा नये. कोणी वापरलेली सीट देऊ केली आणि ती अपघातात सापडली होती का हे खात्रीने ठाऊक नसेल, तर आभार मानून परत करा. आणि बाळाला दुपट्यात गुंडाळून पट्टे लावू नका. आधी पट्टे अंगाशी नीट, मग वरून दुपटं.

नातीला खांद्यावरून येणारे पट्टे असलेली, पुढे तोंड केलेली सीट हवी. साधारण 18 किलोच्या पुढे गेली की बूस्टर, म्हणजे बसकण उंच करणारी सीट चालेल. तो फक्त खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यासोबतच वापरायचा. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर ठेवला तर धडकेत छाती मोकळी सुटते. उंची 145 सेंटिमीटरच्या आसपास होईपर्यंत तिला मोठ्यांचा पट्टा नीट बसणार नाही. तो गळ्याला काचतो, म्हणून मुलं काखेखालून घेतात, आणि मग तो असून नसल्यासारखा.

कायदाही तुमच्या सुनेच्या बाजूने आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 194ब आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा बाळसीटने न बांधता नेलं तर एक हजार रुपये दंड. वसुली क्वचितच होताना दिसते, हेही खरं. पण दंड चुकला तरी धडक चुकेलच असं नाही. होऊ घातलेल्या वाढवण बंदरापासून महामार्गापर्यंत सुमारे 32 किलोमीटरचा रस्ता आखला आहे. बंदर हवं की नको यावर गावात कितीही मतं असोत, कंटेनरची वाहतूक वाढणार याबद्दल कोणाचं दुमत नसावं.

सीटा आणल्या की लगेच महालक्ष्मीला निघू नका. बाळाला आधी घरात जमिनीवर ठेवून त्यात खेळू द्या, मग चिंचणीपर्यंत एखादी फेरी मारा. रडेलच. रडलं तर गाडी कडेला घ्या, थांबवा, मग उचला आणि हवा तेवढा वेळ मांडीवर घ्या.

प्रश्न : आमच्याकडे चारचाकी नाही. तीन वर्षांच्या मुलाला स्कूटरवर नेतो, नाहीतर टमटम. आम्ही काय करायचं?
– एक वडील, तलासरी

उत्तर : दुचाकीसाठी वेगळा नियम आहे आणि तो फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी जोडणारा पट्ट्यांचा अंगरखा, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ताशी 40 किलोमीटरपर्यंतच. मुलाला पुढे पायफळीवर उभं करणं आजपासून बंद करा. टमटममध्ये बाळसीट बांधायला काही नसतं, म्हणून लांबचा, विशेषतः महामार्गावरचा प्रवास तिच्यातून टाळा. मुंबईला जायचं तर डहाणू रोडहून 2013 पासून लोकल आहे. जवळच्या जवळ टमटम घ्यावीच लागली, तर मुलाला दारापासून दूर, आतल्या बाजूला बसवा, आणि चालकाशेजारी चौथं माणूस कोंबलेलं दिसलं की पुढच्या गाडीची वाट पाहा.